एका कंप्युटरात तीन औषधं

माझ्यावर आळ आला तो रविवारी सकाळी, भरल्या बैठकीत. पप्पा खुर्चीवर होते, धर्मादादा कंप्युटरसमोर, कचरूमामा दिवाणावर मांडी घालून पोहे खात होते आणि दुकान उघडायची वाट बघणारे दोन शेतकरी दारात चपला काढून उभे होते. माझी फ्लॉपी मला न विचारता माझ्या दप्तरातून काढण्यात आली. धर्मादादानं ती कंप्युटरमध्ये सारली, उघडली आणि पडद्याकडे बोट केलं. ‘अंक’ नावाच्या फोल्डरच्या आत आणखी एक ‘अंक’ नावाचा फोल्डर बसलेला होता.

"हे बघा काका," तो म्हणाला. "आपल्या कंप्युटरमध्ये जे झालंय तेच इथं. शाळेतून व्हायरस आलाय. तुळजानं आणलाय."

कचरूमामांनी घास हातातच धरून विचारलं की हा व्हायरस माणसाला लागतो का. सगळे हसले. दारातले शेतकरीसुद्धा हसले, ज्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मग मामा म्हणाले की पोरीच्या हाती मशीन दिल्यावर दुसरं काय होणार, आणि पप्पांनी मान हलवली. नुसती मान हलवली असती तरी मी गिळलं असतं. पण ते बोलले.

"आजपासून तुळजानं कंप्युटरला हात लावायचा न्हाई. झालं तेवढं लई झालं."

मी म्हणाले की फ्लॉपीला व्हायरस आपल्या कंप्युटरातूनही लागू शकतो, उलट कशावरून नाही? माझ्या बोलण्याकडे कोणी लक्षच दिलं नाही. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दाण्याचा कूट करायला बसवलं. मी तो कूट असा केला की आई म्हणाली, अगं, खलबत्ता फोडशील.

परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमचं खत-बियाणं-औषधाचं दुकान आहे. कंप्युटर पप्पांनी मागच्या वर्षी घेतला, बिलं छापायला. घेताना निवडला धर्मादादानं, कारण तो माझ्या थोरल्या काकांचा मुलगा आणि जालन्याला कंप्युटरचा डिप्लोमा करतो. दर शनिवारी तो रेल्वेनं येतो. तो आला की आमच्या घरात जावई आल्यासारखं होतं. आई भाकरीऐवजी पोळ्या करते, पप्पा कंप्युटरसमोरची खुर्ची त्याला देतात आणि तो खिशातून गाण्यांच्या, गेमच्या सीड्या काढून टेबलावर पत्ते मांडल्यासारख्या मांडतो.

पण सोमवार ते शुक्रवार तो कंप्युटर कोण चालवायचं? मी. दुकानाचे भाव मी टाइप करायचे, कंपनीचा ई-मेल मी उघडून द्यायचे, एखादं बिल छापायचं असलं की पप्पा दुकानातून घरी फोन करून मलाच सांगायचे. मी बटणांकडे न बघता मराठी टाइप करते. आमच्या अख्ख्या शाळेत असं दुसरं कोणी करत नाही, आणि हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, उषा मॅडमनी वर्गात सांगितलेलं आहे. म्हणून तर शाळेचा वार्षिक अंक या वर्षी पहिल्यांदा हातानं न लिहिता छापायचा ठरला आणि तो टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. संपादक म्हणून आत माझं नाव येणार होतं. त्या फ्लॉपीत तो अंक होता. कंप्युटर गेला म्हणजे अंक गेला, आणि अंक गेला असता तर तो वर्गातल्या ज्या मुलाकडे गेला असता तो एका बोटानं टाइप करतो.

आता तीन औषधांचं सांगते. आमच्या दुकानातल्या प्रत्येक फवारणीच्या बाटलीवर एक रंगीत त्रिकोण असतो. हिरवा म्हणजे सौम्य, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे सगळ्यात जहाल. पप्पांचा सगळा जन्म या त्रिकोणांत गेलेला. कंप्युटरमध्ये फोल्डरच्या आत फोल्डर निघायला लागले तेव्हा पप्पा स्वतः जालन्याला गेले आणि दुकानदाराला म्हणाले, सगळ्यात जहाल कोणतं असंल ते दे. त्यानं लाल डबा दिला. पप्पांना तो रंगावरूनच पटला. घरी आल्यावर त्यांनी आधी डबा उलटा करून मुदतीची तारीख बघितली, वर्षभराची आहे म्हणाले, आणि धर्मादादाकडून तो घालून घेतला.

फोल्डर काही गेले नाहीत. पुढच्या शनिवारी धर्मादादानं पिवळ्या डब्यातलं दुसरं अँटीव्हायरस आणून वर घातलं. तरी गेले नाहीत, तेव्हा मित्राच्या सीडीवरचं तिसरं, फुकटचं. आधीचं कोणीच काढलं नाही. पप्पांचं म्हणणं, राहू दे, एकानं न्हाई मेलं तर दुसऱ्यानं मरंल. त्यानंतर आमचा कंप्युटर सुरू करायचा म्हणजे बटण दाबून आंघोळीला जायचं, आणि वेणी घालून आलं तरी तो अजून सुरूच होत असायचा. मधेच आपला आपण बंद पडायचा. पडद्याच्या कोपऱ्यात तीन ढाली, आणि तिन्ही एकमेकींविरुद्ध चहाड्या सांगणाऱ्या. मी तेव्हाच म्हणाले होते की हे आपसात भांडून राह्यलेत. धर्मादादानं मान न वळवता मला सांगितलं की तू आधी दहावी पास हो.

आणि आता सगळ्याचं खापर माझ्या फ्लॉपीवर.

सोमवारी मी शाळेत गेले ती थेट कंप्युटरच्या खोलीत, उषा मॅडमकडे. सगळं सांगितलं. सांगताना मी टेबलावर हात आपटत होते हे मला मॅडमनी माउस उचलून बाजूला ठेवला तेव्हा कळलं. मला वाटलं होतं त्या पाठीवरून हात फिरवतील. त्या म्हणाल्या, "चिडलीस ते बरोबर आहे. पण तू चिडलीस म्हणून व्हायरस दुसऱ्याकडून आला असं ठरत नाही. घरात जे जे आहे ते घेऊन ये, आपण बघू."

मी दुसऱ्या दिवशी लाल डबा, पिवळा डबा आणि टेबलावर राहिलेल्या धर्मादादाच्या सगळ्या सीड्या, फुकटच्या अँटीव्हायरससकट, दप्तरात भरून नेल्या. कोणाला विचारलं नाही. माझी फ्लॉपी काढताना मला कोणी विचारलं होतं?

खोलीच्या कोपऱ्यात एक जुना कंप्युटर होता, इतरांना न जोडलेला. मॅडम म्हणाल्या, यात काहीही होऊ दे. शाळा सुटल्यावर रोज आम्ही दोघी बसायचो. एक अँटीव्हायरस घालायचं, तपासायचं, मग मॅडम कंप्युटर पार कोरा करून विंडोज पुन्हा घालायच्या आणि दुसरं घालायचं. माझ्या घरच्या आजारी फ्लॉपीला सगळ्यांनी आळीपाळीनं तपासलं.

लाल डब्यातलं सगळ्यात महाग होतं, आणि ते नुसतं अँटीव्हायरस नव्हतं, त्याच्यावर इंटरनेट सिक्युरिटी असं लिहिलेलं. व्हायरस पकडणं त्यात आलंच, वर नेटवरून कोणी आत शिरू नये म्हणून फायरवॉल, नको ते ई-मेल अडवणारी चाळणी, पोरांनी कुठल्या साइट बघू नयेत त्याचं कुलूप. ज्या घरात नेट दिवसभर चालू असतं त्या घराला हे सगळं हवं. आमच्या घरात नेट लावलं की फोन अडतो, म्हणून पप्पा आठवड्यातून एकदा, ई-मेल पडला का एवढं बघण्यापुरतं लावू देतात. तेवढ्यासाठी ते धूड कंप्युटरची सगळी मेमरी अडवून लोळत पडलेलं. पिवळ्या डब्यातलं साधं होतं, हलकं, मुकाट्यानं आपलं काम करणारं. फुकटचं बरं होतं, पण दर थोड्या वेळानं खिडकी उघडून मला विकत घ्या म्हणायचं, आणि व्हायरस सापडला तर नुसतं दाखवायचं, साफ करायचे पैसे मागायचं.

मोठी गोष्ट मात्र वेगळीच निघाली. डब्यातून काढून जसंच्या तसं घातलं तर तिघांपैकी एकालाही आमचा व्हायरस दिसला नाही. एकालाही. मग मॅडमनी हेडसरांच्या ऑफिसातल्या फोनवर नेट लावून तिन्हींच्या नव्या फाइल उतरवून आणल्या, आणि त्या घातल्याबरोबर तिन्हींनी तो पकडला. म्हणजे आमच्याकडे औषध होतं, पण ते जुनं झालेलं होतं, आणि नवं करायला लागतो तो फोन पप्पा सोडत नव्हते.

मी हट्टानं मॅडमना तिन्ही एकत्र घालायला लावली. त्या जुन्या कंप्युटरनं बरोबर आमच्या घरच्यासारखी सोंगं सुरू केली. मॅडमनी मला कारण सांगितलं. प्रत्येक अँटीव्हायरस दारात बसून आत येणारी फाइल उघडून बघतं. एकानं फाइल उघडली की दुसरं म्हणतं, ही कोण उघडून राह्यलं, आणि त्यालाच तपासायला धावतं. तोवर तिसरं या दोघांना.

शेवटी सीड्या. कोऱ्या कंप्युटरमध्ये आम्ही एकेक सीडी घातली. गाण्यांच्या साफ निघाल्या. मोटारींच्या शर्यतीचा एक गेम होता, धर्मादादाचा लाडका. तो सुरू केला आणि माझ्या डोळ्यांसमोर फोल्डरच्या आत फोल्डर उगवला. मॅडम म्हणाल्या, ही सीडी एकदाच लिहिता येते, तुमच्या कंप्युटरातून हिच्यावर काही चढणं शक्य नाही, हे जालन्याहूनच आलंय. मी खुर्चीवरून उडीच मारली. मॅडमनी मला खाली बसायला सांगितलं आणि मग स्वतःच हसल्या.

शनिवारी संध्याकाळी जेवताना मी ते सगळ्यांना सांगितलं. अगदी शांतपणे, पाठ केल्यासारखं. कोणती सीडी, कोणता गेम, आणि ती एकदाच लिहिता येते म्हणजे काय. धर्मादादाचे कान लाल झाले. तो म्हणाला की सीडी मित्राची, त्याला काय माहीत आत काय आहे. मी पप्पांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता.

पप्पांनी पोळीचा तुकडा मोडला. "जाऊ दे," ते म्हणाले. "होतं असं कधी कधी. धर्मा, वरण घे."

होतं असं कधी कधी. मला त्या क्षणी ताट उचलून आपटावंसं वाटलं. माझ्या फ्लॉपीत निघालं तेव्हा भरली बैठक, दारातले शेतकरी, पोरीची जात, हात लावायचा नाही. त्याच्या सीडीत निघालं तर वरण घे. मी विचारलं की मग मी उद्यापासून कंप्युटर वापरू ना. पप्पा म्हणाले, तू अभ्यासाकडं ध्यान दे, मशीनचं धर्मा बघंल. कोण बघणार? ज्यानं घातलं तोच. मी जेवण अर्धं सोडून उठले. आईनं हाक मारली नाही, पण नंतर माझ्या खोलीत ताट आणून ठेवलं आणि दाराशी थोडा वेळ उभी राहिली. ती म्हणाली, "तू म्हणतीस ते खरं हाय, पण तुझे पप्पा चारचौघांत मागं सरत न्हाईत." मी म्हणाले, "चारचौघांत पुढं कसे सरतात मग?" त्यावर ती गेली.

रविवारी सकाळी पप्पांच्या न्याहारीचा डबा घेऊन मी दुकानात गेले. मोसम चालू होता, गर्दी होती. काउंटरसमोर पुंजारामकाका उभे होते, तीर्थपुरीकडचे, आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांनी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, पानं आणली होती, कडेनं करपून वळलेली. पप्पा त्यांना झापत होते.

"किती डाव सांगितलं पुंजाराम, एका पंपात दोन औषधं कालवू नको. आळी मरत न्हाई आन् पऱ्हाटी जळती."

"एकानं मरंना, म्हणून दुसरं टाकलं," पुंजारामकाका म्हणाले.

"मरंना तर बदलायचं. पहिल्यावर दुसरं वतायचं न्हाई. येवढं साधं कळत न्हाई का तुला?"

मी डबा काउंटरवर ठेवला. "पप्पा, मंग आपण कंप्युटरमध्ये तीन कामून वतले?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं, इथून निघून जा असं सांगणारं बघणं होतं ते. मी गेले नाही. पुंजारामकाकांनी विचारलं, तीन काय? मी त्यांनाच सांगितलं, पप्पांना ऐकू जाईल अशा बेतानं. कंप्युटरला कीड लागली होती, लाल डब्याचं औषध घातलं, त्यावर पिवळ्या डब्याचं, त्यावर फुकटचं. कीड तशीच, आणि कंप्युटर करपला.

पुंजारामकाका हातातल्या पानांकडे बघून हसायला लागले. "काकासाहेब, पोरीनं बराबर धरलं तुम्हाला. मला तर दोनावरच शिव्या पडून राह्यल्या."

मागचे लोकही हसले. पप्पा हसले नाहीत. ते काउंटरच्या आतून बाहेर आले, मला गोदामाच्या दाराशी नेलं, आणि जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं.

"तुझं म्हणणं काय हाय ते सांग."

मी सांगितलं. एकच ठेवायचं, पिवळं. लाल डबा वाईट नाही, पण तो आपल्यासारख्या घरासाठी नाही, जिथं नेट कायम लावलेलं असतं तिथल्यासाठी आहे. आणि डब्यावरची तारीख वर्षाची असली तरी व्हायरस दर आठवड्याला नवा येतो. बोंडअळीला जुनं औषध लागेनासं होतं तेव्हा तुम्ही शेतकऱ्याला काय सांगता, तेच. आठवड्यातून एकदा नेट लावून औषध ताजं करायचं. तेवढा वेळ फोन अडेल. अडू द्यायचा.

पप्पा ऐकत होते. बोंडअळीपाशी त्यांची मान हलली, ते माझ्या लक्षात आलं. ते म्हणाले, "बरं. जाऊन कर मंग तसं. उद्या बिलं काढायचीत मला."

आणि इथं माझा राग परत उसळला, आधीपेक्षा जास्त. काम पडलं म्हणून हात लावू द्यायचा? कालपर्यंत बंदी, आणि बिलं अडली की जा, कर?

"करते," मी म्हणाले. "पण आधी तुम्ही सांगा. सगळ्यांसमोर बोलला होतात, सगळ्यांसमोर परत घ्या."

"बापाला अट घालून राह्यली तू?"

"हो."

ते म्हणाले की असलं काही मी बोलणार नाही, धर्मा आज घरीच हाय, तोच करंल दुरुस्त. मी म्हणाले, करू दे. आणि घरी आले.

धर्मादादा दुपारपर्यंत कंप्युटरसमोर बसला होता. त्यानं चौथं अँटीव्हायरस घालून बघितलं, हे मी शपथेवर सांगते. त्यानंतर कंप्युटरनं पडदा निळा केला आणि पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीतून काहीतरी सुनावलं. मी शेजारच्या खोलीत इतिहासाचं पुस्तक उघडून बसले होते आणि एकही ओळ वाचत नव्हते. कचरूमामा आलेले होते. ते दर पाच मिनिटांनी विचारत होते की झालं का, आणि धर्मादादा दर वेळी म्हणत होता, होऊन राह्यलं.

दुपारी पप्पा जेवायला आले ते पुंजारामकाकांना घेऊन. काकांची गाडी संध्याकाळची होती. बैठकीत येऊन पप्पांनी निळा पडदा बघितला. मग खुर्चीवर न बसता उभ्यानंच मला हाक मारली. मी दारात आले.

"कचरू, तू व्हतास त्या दिवशी," पप्पा म्हणाले. "मी तुळजाला बोललो ते चुकीचं बोललो. ती कीड धर्माच्या सीडीतून आल्ती. औषधावर औषध मी घालायला लावलं, अन् नेट लावू दिलं न्हाई तेही मीच. आता मशीनचं काय ते तुळजाला विचारायचं. मीबी विचारीन."

ते हे सगळं पंख्याकडे बघून बोलले. पण बोलले. मला मनातून फार मोठ्यानं काहीतरी ओरडावंसं वाटलं.

कचरूमामा म्हणाले, एवढ्याशा गोष्टीचं कशाला एवढं. पप्पा त्यांना म्हणाले, एवढीशी व्हती तर त्या दिवशी तू कशाला बोललास? मामा पाणी प्यायला आत गेले. धर्मादादा खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "मंग काका, मी कशाला येऊ दर शनिवारी?"

"जेवायला ये," पप्पा म्हणाले.

मी त्या खुर्चीत बसले आणि कंप्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. पुंजारामकाका माझ्या मागं येऊन उभे राहिले, आता काय करती ते बघायला. मी एकेक अँटीव्हायरस काढून टाकलं. काढायलाही वेळ लागतो, चौघांनाही जायचं नव्हतं. मग पिवळं नव्यानं घातलं, फोनची वायर काढून कंप्युटरला लावली आणि नेट जोडलं. ते किर्र आणि खरखर असा आवाज करत लागलं. फाइल उतरायला लागली, मुंगीच्या चालीनं. मधेच दुकानातला नोकर धावत आला की काकासाहेब, घरचा फोन लागत न्हाई, लोक खोळंबलेत. पप्पा ताटावर बसले होते. त्यांनी त्याला सांगितलं, "औषध चालू हाय. थांबा म्हणावं."

संध्याकाळपर्यंत सगळे फोल्डर साफ झाले. वार्षिक अंक मी उघडून बघितला, एक ओळही गेलेली नव्हती. पप्पांनी मागून डोकावून माझं नाव कुठं येणार ते विचारलं. मी दाखवलं. ते वाचून बाहेर गेले.

माझा राग गेला का? कंप्युटर मिळाला म्हणून जात नसतो. पंख्याकडे बघून बोललेलं मला अजून आठवतं, आणि दारातले ते दोन शेतकरी, जे त्या दिवशी हसले आणि ज्यांना खरं काय ते कोणीच सांगायला गेलं नाही. ते पुन्हा दुकानात आले की मी सांगणार आहे.

पुढच्या शनिवारी धर्मादादा आला. जेवला, आणि खिशातून एक सीडी काढून कंप्युटरकडे निघाला. मी टाइप करत होते. मी हात पुढे केला. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं, पप्पांकडे बघितलं. पप्पा पेपर वाचत होते, किंवा तसं दाखवत होते.

"यात फक्त गाणी हायेत," धर्मादादा म्हणाला.

"असतील. आधी तपासते," मी म्हणाले. "तोवर तू बस."

खुर्ची एकच होती आणि तिच्यात मी बसले होते. तो उभा राहिला.